रुळावरचे दोन सहा

रुळाच्या कंबरेवर शेजारीशेजारी दोन इंग्रजी सहा होते, आणि ते एकाच घरचे वाटत नव्हते.

शेवटचा सहा गुटगुटीत होता. पोट मोठं, शेपूट एका सलग वळणाने वर जाऊन निमुळती झालेली. त्याच्या आधीचा सहा पोटाने लहान होता आणि पोट जिथे शेपटीला मिळतं तिथे किंचित आत दबलेला, कुणी दोरी आवळल्यासारखा. मी त्याच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. इतर सगळ्या अक्षरांच्या कडा बोथट लागल्या. इतक्या वर्षांत पाण्याने आणि गंजाने त्या गोलावल्या होत्या. या एका सहाच्या शेपटीच्या टोकाशी मात्र नख अडकलं.

मी पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं.

रूळ ओततात असं लोकांना वाटतं. ओतत नाहीत, लाटतात. लालभडक लोखंड रोलरांच्या जोड्यांमधून पुन्हा पुन्हा काढतात. शेवटच्या रोलरवर कारखान्याचं नाव आणि इंग्रजी आकड्यांत साल खोदलेलं असतं, ते रुळाच्या मधल्या उभ्या भागावर उठून येतं. त्या भागाला आम्ही कंबर म्हणतो. माणूस खोटं बोलेल, रूळ बोलणार नाही, हे आमच्या मंडळातलं लाडकं वाक्य. कारण उठावाच्या आकड्यात मागाहून भर घालता येत नाही.

भर घालता येत नाही हे खरं. पण काढून टाकता येतं. इंग्रजी आठाच्या वरच्या गोलाची उजवी बाजू कानशीने घासली, की उरतो तो सहा.

मी भिंग खिशात टाकलं आणि आजूबाजूला पाहिलं. आपण काहीच केलेलं नसताना माणूस असं का पाहतो, कोण जाणे.

जुन्या रेल्वेच्या वेडाने जमलेलं आमचं मंडळ म्हणजे पाच माणसं आणि एक गवत कापायचं यंत्र. दर सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही जुन्या सायडिंगवर जमतो. ही सायडिंग मुख्य लाइनपासून फुटून बंद पडलेल्या गोदामापर्यंत जाते. तिच्यावरून मालाची शेवटची वाघीण गेली तेव्हा मी शाळेत होते. मंडळ काढलं माझ्या मोठ्या भावाने. सगळे त्याला दादाच म्हणतात, त्याच्याहून मोठे असलेलेसुद्धा. तो घड्याळं दुरुस्त करतो. सायडिंगच्या कडेला रेल्वेच्या जुन्या क्वार्टरांची ओळ आहे. त्यातलं पहिलं वडिलांनी निवृत्त होताना विकत घेतलं होतं. पुढच्या खोलीत दादाचं दुकान, मागे दादा आणि वहिनी.

आता नगरपालिकेला तिथून रस्ता काढायचा होता. सायडिंग उखडणार आणि क्वार्टरांची ओळ पडणार. बदल्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला, उंच इमारतीत, एक फ्लॅट. दादाची लेक, माझी भाची, दोन वर्षं मागे लागली होती, की फ्लॅट नको नि काही नको, सरळ माझ्याकडे राहायला या. दादा म्हणायचा, "येऊ की. घाई काय आहे?"

रस्ता थांबवू शकेल अशी एकच गोष्ट होती. आमच्याकडे रेल्वे अठराशे एकाहत्तरला आली. स्टेशनच्या दगडावर तसं कोरलेलं आहे. सायडिंग त्याहून जुनी निघाली, तर स्टेशनच्या आधी इथे कुणाची तरी खाजगी लाइन होती असं ठरेल, आणि मग वारसा समिती तिच्या एका खिळ्यालाही हात लावू देणार नाही. घर वाचेल.

आणि नेमका गेल्या सुट्टीच्या दिवशी टाइमटेबलना आकडा सापडला.

टाइमटेबल हे मंडळातल्या एकांचं टोपणनाव; ते टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत. एखादी गाडी कितीला सुटते असं विचारलं, तर ती कितीला सुटायला हवी, प्रत्यक्षात कितीला सुटते आणि त्यात कोणाची चूक, हे तिन्ही सांगतात. गोदामाच्या अलीकडे, झुडपं नुकतीच काढली होती तिथे, तारेचा ब्रश घेऊन ते उकिडवे बसले होते. एकदम ओरडले, "ताई! ताई, इकडे या! सहासष्ट! अठराशे सहासष्ट! अहो, दादांना हाक मारा कुणीतरी!"

सगळे धावले. दादा धावला नाही. तो रुळांखालच्या एकेका स्लीपरवर पाय टाकत आला, खाली बसला आणि आकड्यांवर अंगठा ठेवला. जुनी वस्तू सापडली की हात लावल्याशिवाय कुणालाच राहवत नाही, त्यामुळे मला तेव्हा त्यात वेगळं काही वाटलं नाही. वेगळं वाटलं ते नंतरचं. अंगठा आकड्यांवरून एकदा गेला, मागे आला, एका जागी थांबला. तिथेच राहिला.

"काय दादा? बोला ना!" टाइमटेबल म्हणाले. "आनंदाने वाचा बसली का?"

"हो," दादा म्हणाला. "सहासष्ट."

आणि उठला. ज्या दिवसाची हा माणूस इतकी वर्षं वाट पाहत होता, त्या दिवशी तो हसला नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हा.

दुपारपर्यंत वारसा समितीला कळवून झालं होतं. येत्या आठवड्यात पाहणी ठरली. समितीला रुळाच्या वयाबद्दल तज्ज्ञाचं मत सहीनिशी हवं होतं. मी धातू तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. पुलांचे बोल्ट, बॉयलरचे पत्रे, लिफ्टचे दोर, असं सगळं आमच्याकडे येतं. "घरचाच तज्ज्ञ!" टाइमटेबल म्हणाले. "हे तर सोन्याहून पिवळं झालं." सही माझी असणार होती. म्हणून मी आज भिंग घेऊन एकटी आले होते.

दबलेल्या सहाच्या टोकाशी गंजही निराळा होता. जुना गंज काळपट तपकिरी असतो आणि घट्ट बसलेला असतो. इथे करंगळीच्या नखाएवढ्या जागेत नारिंगी पूड होती, बोट लावलं की बोटाला येणारी. मी कापसाचा ओला बोळा त्यावरून फिरवून पुडीत ठेवला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यात मीठ निघालं. आजूबाजूच्या गंजात नव्हतं.

मीठ आणि व्हिनेगर लावलं की कोरं लोखंड रात्रीत म्हातारं होतं. हे मला कुठल्याही पुस्तकाने शिकवलेलं नाही. दादाने शिकवलं. तो खेळण्यातल्या एवढ्याशा वाघिणी बनवतो आणि त्या जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांच्या चाकांना हाच लेप लावतो.

*

त्या संध्याकाळी मी दुकानात गेले.

"या, प्रयोगशाळा," दादा म्हणाला. लहानपणापासून मला नावाने हाक मारलेली त्याला आठवत नसेल. "आज काय जप्त करायला आलात?"

"चहा," मी म्हटलं.

दुकानात मी डोळ्यांत तेल घालून बसले होते. कामाच्या टेबलावर सगळं नेहमीसारखं नीटनेटकं होतं. चिमटे डावीकडे, स्क्रू ड्रायव्हर उजवीकडे, आणि लाकडाच्या ठोकळ्यात भोकं पाडून आकाराने लावलेल्या कानशी. जाड, मग मध्यम, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटचं भोक रिकामं होतं.

"सगळ्यात बारीक कानस कुठे गेली रे?"

"असेल की तिथेच," तो मान न वळवता म्हणाला.

"नाहीये."

"झाडताना पडली असेल माझ्याकडून," वहिनी आतून चहा घेऊन येत म्हणाली. मला हे उत्तर जरा लवकर आल्यासारखं वाटलं. दादाच्या टेबलाला आजवर तिने कधी झाडू लावला नव्हता. तो लावू द्यायचा नाही. "वन्सं, साखर कमी घातलीय बरं का. तुमच्या त्या अ‍ॅसिडच्या वासाने जीभ गेली असेल, म्हटलं कळणार नाही."

तिच्या उजव्या डोळ्याभोवती बारीक गोल वळ उमटला होता. मी पाहतेय हे तिला दिसलं.

"उशीवर झोपले होते आडवी," ती म्हणाली.

उशीचा वळ इतका वर्तुळाकार येत नाही. पण एका वेळी एकाच माणसावर संशय घ्यावा, एवढी शिस्त मला आहे. तेव्हा माझा संशय दादावर होता.

एक बाई घड्याळ न्यायला आल्या. मनगटी, अगदी नाजूक, डबी करंगळीच्या टोकाएवढी. "मी आणते आतून," म्हणून वहिनी उठली. बाईंनी ते कानाला लावलं आणि दादाकडे कौतुकाने पाहिलं. "तीन दुकानांनी हात टेकले होते हो. तुमचा हात म्हणजे हात!"

"चालायचंच," दादा म्हणाला आणि खिडकीकडे तोंड केलं.

बाई गेल्यावर भाचीचा फोन आला. रोज याच वेळी येतो. वहिनीने तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, समिती येतेय म्हणे. म्हणजे आता तुमचं यायचं बारगळलंच का?"

"तसं कुठे काय? येऊ की. घाई काय आहे?"

"हे वाक्य तुमच्या दुकानाच्या पाटीवर लिहून टाका," भाची म्हणाली. "म्हणजे गिऱ्हाइकंही घाई करणार नाहीत."

वहिनी मोठ्याने हसली. दादा हसला नाही.

फोन ठेवल्यावर मी खडा टाकून पाहिला. "दादा, रोलर गोल असतो."

"ज्ञानात भर पडली."

"म्हणजे त्याच्यावरचा छाप प्रत्येक फेऱ्याला पुन्हा उमटतो. तोच मजकूर रुळावर पुढे आणखी असणार. टाइमटेबलना एक मिळाला. पुढचा गोदामाच्या बाजूला मातीत आहे. उद्या उकरून पाहते."

"उकरायचं नाही."

त्याचा आवाज असा धारदार मी फार वर्षांत ऐकला नव्हता. वहिनीने हातातला कप खाली ठेवला.

"समिती येईपर्यंत त्या जागेला कुणी हात लावायचा नाही," तो जरा हळू म्हणाला. "नंतर म्हणतील, तुम्हीच काहीतरी केलंत."

"दर आठवड्याला आपण हातच लावतोय की."

"आता नाही."

परत जाताना मला जे वाटत होतं ते मला आवडत नव्हतं. बारीक कानस, वाघिणींचा लेप, घड्याळजीचा हात, आणि वर ही बंदी. आमच्या प्रयोगशाळेत इतक्या पुराव्यावर लिफ्ट बंद करतात. आणि तरी एक गोष्ट बसत नव्हती. दादा रुळांच्या बाबतीत खोटं बोलणारा माणूस नव्हता. मोठ्या लोकांसमोर, भरल्या सभेत, आपल्याच मंडळाचा दावा चुकीचा आहे असं सांगून त्याने एकदा सगळ्यांना तोंडघशी पाडलं होतं. पण घर जायची वेळ आली की माणूस बदलतो, हेही मी ऐकून होते.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धी रजा टाकून मी खुरपं घेऊन सायडिंगवर गेले.

सापडलेल्या छापापासून गोदामाच्या दिशेने रुळालगतची माती हळूहळू काढत गेले. माती कडक होती, वर जुन्या कोळशाची भुकटी. बराच वेळ नुसती सपाट कंबर लागत राहिली. मग खुरप्याच्या टोकाला खरखर जाणवली. मी खुरपं ठेवलं आणि बोटांनी माती सारली. पाण्याने धुतलं. कारखान्याचं नाव आलं. मग एक. मग आठ. मग, जिथे दबलेला सहा असायला हवा होता तिथे, पुन्हा एक आठ, दोन्ही गोल पूर्ण आणि बंद. आणि शेवटी तो गुटगुटीत सहा.

अठराशे शहाऐंशी. रेल्वे आल्यानंतर पंधरा वर्षांनी लाटलेला रूळ. सायडिंग त्याआधीची असणं शक्य नव्हतं असं मी म्हणत नाही, कारण रूळ बदलले जातात. पण ती आधीची होती याला आता काडीचाही पुरावा नव्हता.

मी मोबाइलवर दोन्ही छापांचे फोटो काढले. तेवढ्यात मागून खोकला आला.

"ताई? आज सुट्टी घेतलीत?"

टाइमटेबल. हातात छत्री, गळ्यात कॅमेरा. मी उभी राहिले आणि विचार न करता उजवा पाय दुसऱ्या छापापुढे ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी पुरावा लपवत होते, आणि तोही चपलेने.

"जरा मोजमाप," मी म्हटलं.

"उकरलंय कुणी हे?" त्यांनी मातीच्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्या खुरप्याकडे. "दादा तर म्हणाले होते..."

"दादाला माहीत आहे."

"असं." ते माझ्याकडे पाहत राहिले. मग आवाज उतरवून म्हणाले, "ताई, एक विचारू? रागावू नका. तुम्हाला हे घर वाचायला हवंय ना? नाही म्हणजे, वाटणी वगैरे... घर राहिलं तर तुमचाही हिस्सा अडकून राहतो. म्हणून म्हटलं. मत काय देणार आहात तुम्ही?"

म्हणजे मी दादाकडे जशी पाहत होते, तसे हे माझ्याकडे पाहत होते. मला हसूही आलं आणि कानशिलंही तापली.

"हिस्सा मी केव्हाच सोडला आहे," मी म्हटलं. "आणि मत लिहून झालं की वाचायला देईन."

जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं. मी माती परत लोटली आणि वरून चापटली, अगदी चोरासारखी.

वाटेत फोटोच्या दुकानात दोन्ही छाप कागदावर मोठे करून घेतले. दादाचा फोन साधा आहे; त्याला पडद्यावरचं आवडत नाही, असं तो म्हणतो.

*

दादा टेबलाशी बसला होता. समोर उघडलेलं घड्याळ, हातात चिमटा. चिमट्यात काही नव्हतं. वहिनी आत मशिनवर काहीतरी शिवत होती.

"उकरलंस," तो म्हणाला. मातीचा वास आला असावा.

"उकरलं."

मी खुर्ची ओढून बसले आणि पिशवीतून एक फोटो काढून त्याच्या हातात दिला. "हा दुसरा छाप. मातीतला. याला कुणाचा हात लागलेला नाही. बघ आणि सांग, काय दिसतं."

त्याने फोटो समोर धरला, थोडा लांब नेला, मग थोडा तिरका केला.

"आठ आहे," तो म्हणाला. "दोन्ही गोल बंद. स्पष्ट दिसतंय."

"बघ नीट."

"आठच आहे गं. शहाऐंशी. काय करणार आता?"

मी त्याला काही बोलणार होते. मनात वाक्यं तयार होती, वाटेत जुळवलेली, चांगली कडक. पण माझी नजर फोटोवर गेली. घाईत मी त्याला चुकीचा फोटो दिला होता. त्याच्या हातात पहिला छाप होता. त्याच्यावर दोन सहा होते, टपोरे, लिंबाएवढे मोठे केलेले.

खोलीत मशिनचा आवाज चालू होता.

मी टेबलावरचं उघडं घड्याळ पाहिलं. मग दादाचे डोळे पाहिले. ते माझ्याकडे होते, पण नेमके माझ्यावर नाही. माझ्या कानाच्या जरा बाजूला. स्लीपरवर मोजून टाकलेली पावलं आठवली. छापावर ठेवलेला अंगठा आठवला. ठोकळ्याकडे मान न वळवता दिलेलं उत्तर आठवलं. प्रत्येक गोष्ट मी पाहिली होती आणि प्रत्येक गोष्ट भलत्याच खात्यात टाकली होती.

"दादा," मी म्हटलं, "कधीपासून?"

त्याने फोटो खाली ठेवला. चुकीचं काही बोललो हे त्याला कळलं होतं, नेमकं काय ते कळलं नव्हतं.

"काय कधीपासून?"

"यात आठ नाहीये."

मशिन थांबलं. वहिनी दारात येऊन उभी राहिली. उजव्या डोळ्याभोवती आजही वळ होता, ताजा, लालसर. घड्याळजी डोळ्याला लावतात त्या भिंगाच्या नळकांड्याएवढा.

"तीन दुकानांनी हात टेकलेलं घड्याळ," मी तिला म्हटलं, "ते तुम्ही दुरुस्त केलंत."

वहिनी पदराला हात पुसत राहिली. हात कोरडे होते.

"वर्ष झालं," दादा म्हणाला. "मधलं जातं. कडेचं दिसतं थोडं. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाही. मी हिला सांगत बसायचो, कुठला स्क्रू, कुठली स्प्रिंग. आता सांगावं लागत नाही. माझ्याहून बरी करते."

"आणि रूळ?"

"रूळ मी केला," वहिनी म्हणाली. "ह्यांना काही विचारू नका. ह्यांना मी सांगितलंही नव्हतं."

"सांगायची गरज नव्हती," दादा म्हणाला. "तो छाप मला आधीच सापडला होता, अंगठ्याला. शहाऐंशी. त्या दिवशी घरी येऊन हिला म्हटलं, पंधरा वर्षांनी हुकलं बघ. आणि पुढे टाइमटेबल ओरडला, सहासष्ट! मी हात लावला. कड लागली. कानस माझी आहे, तिची कड मी ओळखणार नाही?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? माझ्या बायकोने केलं म्हणून?"

"वहिनी, तुम्हाला कळत नव्हतं का?" माझा आवाज चढला. "मी सही करणार होते त्याच्यावर! समितीने दुसरा छाप उकरला असता तर?"

"मला काय ठाऊक तो परत परत उमटतो? मला वाटलं, साल एकदाच लिहितात. जन्मतारखेसारखं." ती एकदम खुर्चीवर बसली. "वन्सं, तुम्ही लिहा काय लिहायचं ते. पण एक ऐका. ह्या घरात ह्यांना डोळे लागत नाहीत. दारापासून टेबलापर्यंत, टेबलापासून मोरीपर्यंत, मागच्या दारातून सायडिंगवर, सगळं पायांना पाठ आहे. तुम्हाला, त्या टाइमटेबलना, रोज येणाऱ्या गिऱ्हाइकांना, कुणाला कळलं का वर्षभर? त्या फ्लॅटमध्ये नेलंत, की पहिल्या दिवशी आंधळे होतील. लेकीकडे नेलंत तरी तेच. इथे ते दादा आहेत. तिथे धरून धरून न्यायचं म्हातारं माणूस."

प्रयोगशाळेत ज्याला उत्तर नसतं त्याला आम्ही पुन्हा तपासणी म्हणतो. इथे पुन्हा काय तपासणार?

"मी शहाऐंशी लिहिणार आहे," मी शेवटी म्हटलं. "कुणी घासलं ते लिहिणार नाही. मला तेवढंच विचारलेलं आहे, रुळाचं वय. ते खोटं लिहिता येणार नाही, वहिनी."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुम्ही भिंग घेऊन गेलात त्या दिवशीच कळलं होतं."

मग, काहीतरी साधं बोलावं म्हणून, किंवा राग अजून पुरता गेला नव्हता म्हणून, मी म्हटलं, "आणि तुमच्याही डोळ्याची काळजी घ्या. तो वळ आता रोजचा झालाय. असं दिवसभर भिंग दाबून धरायचं नसतं."

"वळ?" दादा म्हणाला. "कसला वळ?"

"काही नाही हो."

"कसला वळ गं? प्रयोगशाळा, तू सांग."

"उजव्या डोळ्याभोवती. भिंगाचा. गोल, लाल."

तो उठला. टेबलाला वळसा घालून, कुठेही न चाचपडता, तिच्या खुर्चीपाशी गेला. तिने तोंड फिरवलं, पण त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि मग अंगठा डोळ्याच्या कडेने फिरवत नेला. रुळावर नेला होता तसाच. एकदा पुढे, एकदा मागे. गालाच्या हाडाजवळ तो थांबला.

"खड्डा पडलाय," तो म्हणाला.

"जातो रात्रीत."

"रोज जातो आणि रोज पडतो. आणि मी इथे बसून शाबासकी घेतो." त्याने हात काढला नाही. "पाणी येतं का डोळ्यातून?"

वहिनीने पदर सारखा केला.

"विचारतोय मी."

"येतं कधीकधी," ती म्हणाली. "संध्याकाळी."

भिंतीवरची घड्याळं चालू होती. दुरुस्तीला आलेली, प्रत्येकाची वेळ वेगळी. दादा तिथेच उभा राहिला. त्याला काय वाटत होतं ते मला सांगता येणार नाही; मी फक्त पाहिलं ते सांगते. त्याने पुन्हा एकदा अंगठा त्याच वळावरून फिरवला.

फोन वाजला. भाचीची वेळ झाली होती. वहिनी सवयीने उठायला लागली. दादाने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं आणि स्वतः फडताळाकडे गेला, सरळ, फोन जिथे असतो तिथे.

"काय बाबा," पलीकडून आवाज आला. "मग? कधी येताय? की अजून घाई नाही?"

"ऐक," तो म्हणाला. "तुझी आत्या समोर बसली आहे, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. मला दिसत नाही. वर्ष झालं. आई तुला सांगणार नाही म्हणून मी सांगतोय." त्याने श्वास घेतला. "दुकान बंद करतोय. आम्ही दोघं तुझ्याकडे राहायला येतोय."